बातमी कोणाची, पैसा कोणाचा? वाचकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणुका जवळ आल्या की वाचकांची पत्रे एकाच शंकेभोवती फिरू लागतात: आज छापून आलेला मजकूर बातमी म्हणून वाचायचा की जाहिरात म्हणून? एरवीही दुरुस्त्या, तक्रारी, सूत्रे आणि अग्रलेख यांविषयी तेच प्रश्न येत राहतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. एका ठिकाणी आलेली माहिती पुन्हा सांगण्याऐवजी त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘पेड न्यूज’ म्हणजे नेमके काय? जाहिराती तर सगळीच वर्तमानपत्रे छापतात.

जाहिरात छापण्यात गैर काहीच नाही. बहुतेक दैनिकांच्या अंकाची किंमत उत्पादनखर्चापेक्षा कमी असते आणि ती तूट जाहिरातींतूनच भरून निघते. जाहिरातीला चौकट असते, तिचा दर ठरलेला असतो, बिल होते, आणि मुख्य म्हणजे ती जाहिरात आहे हे वाचकाला दिसत असते. रोख रक्कम किंवा अन्य मोबदला घेऊन छापलेला मजकूर बातमी किंवा विश्लेषण म्हणून वाचकापुढे ठेवला, की ती पेड न्यूज होते. वृत्तपत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिल ऑफ इंडिया या वैधानिक संस्थेची व्याख्या थोडक्यात हीच आहे. मोबदला पाकिटातूनच यावा लागतो असे नाही. काही माध्यमसमूहांनी जाहिरातींच्या बदल्यात कंपन्यांचे समभाग घेतले आणि त्याच कंपन्यांच्या बातम्याही छापल्या. अशा करारांची माहिती वाचकांना दिली गेली पाहिजे, अशी भूमिका शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने २०१० मध्ये घेतली.

२. वर्तमानपत्र हा खासगी व्यवसाय आहे. मालकाने पैसे घेऊन काय छापावे हा त्याचा प्रश्न. त्यात वाचकाचे काय बिघडते?

वाचक पैसे मोजून अंक घेतो तो कोणीतरी तटस्थपणे चौकशी करून लिहिले असेल या विश्वासावर, आणि पेड न्यूज याच विश्वासाची विक्री करते. दुधात पाणी घालणारा माप पुरे भरतो, म्हणून त्याची फसवणूक माफ होत नाही.

निवडणुकीत नुकसान आणखी खोलवर जाते. उमेदवाराच्या खर्चाला कायद्याने मर्यादा आहे. महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यांत ती विधानसभेसाठी ४० लाख आणि लोकसभेसाठी ९५ लाख रुपये आहे. बातमीच्या वेषातली जाहिरात या हिशेबात येतच नाही. त्यामुळे मर्यादा कागदावर राहते, काळ्या पैशाला वाट मिळते, आणि ज्या उमेदवाराकडे द्यायला पैसे नाहीत त्याची सभा कितीही मोठी झाली तरी ती छापून येत नाही. मतदाराला तो उमेदवार रिंगणात आहे हेही धड कळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेच्या खटल्यात उमेदवाराची पार्श्वभूमी जाणून घेण्याचा मतदाराचा हक्क मान्य केला. उमेदवारांच्या मालमत्तेची आणि गुन्ह्यांची प्रतिज्ञापत्रे आज आपण वाचू शकतो, ती या निकालामुळेच. पैसे घेऊन लिहिलेली स्तुती त्याच हक्काच्या आड येते.

३. वृत्तपत्रस्वातंत्र्य हे नेमके कोणाचे स्वातंत्र्य? मालकाचे, संपादकाचे की वाचकाचे?

राज्यघटनेत वृत्तपत्रांसाठी वेगळे कलम नाही. कलम १९(१)(अ) मध्ये प्रत्येक नागरिकाला जे भाषण आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आहे, त्यातच वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य सामावलेले आहे, असे न्यायालये १९५० पासून सांगत आली आहेत.

या प्रश्नावरचा एक पायाभूत निकाल पुण्याच्या एका मराठी दैनिकामुळे लागला, याचा मराठी वाचकांना अभिमान वाटायला हरकत नाही. डॉ. नानासाहेब परुळेकर यांनी १९३२ मध्ये सुरू केलेल्या ‘सकाळ’ने केंद्राचा १९५६ चा किंमत-पृष्ठ कायदा आणि त्याखालचा १९६० चा आदेश यांना आव्हान दिले. या कायद्याने अंकाची किंमत पानांच्या संख्येशी बांधली होती, म्हणजे वर्तमानपत्राने एक तर किंमत वाढवावी किंवा पाने कमी करावीत. छोट्या वर्तमानपत्रांना मोठ्यांच्या स्पर्धेपासून वाचवणे हा हेतू सरकारने पुढे केला होता. सप्टेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा रद्द केला. किंमत वाढली की वाचक घटतात, पाने घटली की मजकूर घटतो, आणि दोन्हींमुळे विचारांचा प्रसार आकसतो, हा त्यामागचा विचार होता. एखादा मजकूर किती लोकांपर्यंत पोहोचतो हाही अभिव्यक्तीचाच भाग आहे, हे तेव्हा पक्के झाले.

या निकालाचा दुसरा अर्थ मालकांनी विसरू नये. हे संरक्षण वाचकापर्यंत विचार आणि माहिती पोहोचावी म्हणून आहे. त्याची ढाल करून वाचकापासून काही लपवणे मला कधीच पटलेले नाही.

४. २००९ च्या निवडणुकीत महाराष्ट्रात काय घडले होते? त्याचा उल्लेख सतत होतो.

महाराष्ट्र विधानसभेसाठी १३ ऑक्टोबर २००९ रोजी मतदान झाले. त्याआधीच्या दिवसांत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्या कारकिर्दीचे गुणगान करणारी पानेच्या पाने अनेक मराठी दैनिकांत प्रसिद्ध झाली. ‘अशोक पर्व’ हे शीर्षक त्यांतूनच लोकांच्या लक्षात राहिले. ‘द हिंदू’चे तेव्हाचे ग्रामीण विभागाचे संपादक पी. साईनाथ यांनी ही पाने गोळा करून शेजारी शेजारी ठेवली. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या तीन मोठ्या दैनिकांत काही दिवसांच्या आत एकच लेख शब्दशः छापून आला होता. मथळे तेवढे वेगळे होते. तीन वेगवेगळ्या कार्यालयांतले तीन वार्ताहर स्वतंत्रपणे तीच वाक्ये त्याच क्रमाने लिहितील, हे वर्तमानपत्राच्या कचेरीत एक दिवस बसलेल्या माणसालाही पटणार नाही.

चव्हाण यांनी निवडणूक खर्चाच्या विवरणात वृत्तपत्रांतील जाहिरातींसाठी ५,३७९ रुपये आणि केबल वाहिनीवरील जाहिरातींसाठी ६,००० रुपये दाखवले होते. पैसे देऊन बातम्या छापून आणल्याचा आरोप त्यांनी नाकारला. साईनाथ यांच्या लेखांमुळे हा विषय देशभर गेला. आपण मराठी वाचकांनी हीच पाने रोज सकाळी चहाबरोबर वाचली होती आणि त्यांची जुळणी पाहिली ती एका इंग्रजी दैनिकाने, याची खंत मला अजून वाटते.

याच सुमारास प्रेस कौन्सिलने परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी या दोन सदस्यांची उपसमिती नेमली. देशभर फिरून त्यांनी तयार केलेल्या अहवालात वृत्तपत्रांची नावे होती. जुलै २०१० मध्ये कौन्सिलने मात्र छोटा अहवाल स्वीकारला आणि मूळ अहवाल संदर्भासाठी बाजूला ठेवला. केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये तो लोकांसमोर आला. बातम्या छापणाऱ्यांच्या प्रतिनिधींनी आपल्याच विषयीची बातमी दडपावी, यासारखे या क्षेत्राचे नुकसान दुसऱ्या कोणी केले नसेल.

५. मग त्या प्रकरणात शिक्षा कोणाला झाली?

कोणालाही नाही. भोकर मतदारसंघात चव्हाण यांच्याविरुद्ध पराभूत झालेले उमेदवार माधवराव किन्हाळकर यांनी चव्हाण यांच्या खर्चाच्या हिशेबाबद्दल निवडणूक आयोगाकडे तक्रार केली. हिशेब वेळेत सादर झाला की आयोगाचे काम संपते, तो खरा की खोटा हे तपासण्याचा अधिकार आयोगाला नाही, असा बचाव करण्यात आला. ५ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि हिशेबाचा खरेपणा तपासण्याचा आयोगाचा अधिकार मान्य केला. कायद्याच्या दृष्टीने या प्रकरणातून हाती लागलेली ही सर्वांत मोलाची गोष्ट होय. जुलै २०१४ मध्ये हिशेब कायद्यानुसार सादर झाला नसल्याचे ठरवून आयोगाने कारणे दाखवा नोटीस दिली. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये तो आदेश रद्द केला.

मुख्य अडचण पुराव्याची आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७७ नुसार उमेदवाराने किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीने केलेला किंवा त्यांच्या संमतीने झालेला खर्चच हिशेबात धरला जातो. रोख व्यवहाराची पावती नसते. वर्तमानपत्र म्हणते की मजकूर आम्ही आपखुशीने छापला. उमेदवार म्हणतो की मला माहीतच नाही. दोघेही एकच सांगत असताना तिसऱ्याने सिद्ध काय करायचे? तरीही हे अशक्य नाही. उत्तर प्रदेशातील बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना ऑक्टोबर २०११ मध्ये आयोगाने कलम १०-अ खाली तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले, ते पेड न्यूजचा खर्च लपवल्यामुळेच.

पेड न्यूज हा स्वतंत्र निवडणूक गुन्हा ठरवावा, अशी मागणी आयोगाने केली आहे आणि विधी आयोगाने मार्च २०१५ च्या २५५ व्या अहवालात तशी शिफारसही केली आहे. कायद्यात तशी दुरुस्ती झालेली नाही.

६. सामान्य वाचकाने पेड न्यूज ओळखायची कशी?

एका मजकुरावरून खात्रीने सांगणे कठीण असते. दोन-तीन अंक शेजारी ठेवले की बरेच उलगडते. वेगवेगळ्या दैनिकांत तेच शब्द आणि तेच छायाचित्र आले, तर मजकूर एकाच ठिकाणाहून आला आहे. बातमीत उमेदवाराची स्तुती आहे पण विरोधकाची बाजू नाही, प्रश्न नाही, आकडा नाही, तर थांबून विचार करावा. प्रेस कौन्सिलच्या अहवालात एक विलक्षण प्रकार नोंदलेला आहे: एकाच पानावर दोन प्रतिस्पर्धी उमेदवारांचा विजय निश्चित असल्याचे सांगणारे दोन लेख. दोघांनीही पैसे मोजले की असेच होणार.

मजकुराखाली बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ किंवा ‘मार्केटिंग उपक्रम’ असे छापलेले असते, तेही पाहावे. असे छापणे काहीच न छापण्यापेक्षा बरे, पण बातमीसारखीच अक्षरे, बातमीसारखेच स्तंभ आणि खाली मुंगीच्या पावलांएवढा खुलासा, याला मी प्रामाणिकपणा म्हणणार नाही. शेवटच्या पानाच्या तळाशी मालक, मुद्रक, प्रकाशक यांच्या नावांची ओळ असते आणि संपादकाच्या नावापुढे ‘बातम्यांच्या निवडीसाठी जबाबदार’ असे लिहिलेले आढळते. पत्र लिहायचे ते त्याच माणसाला.

७. निवडणुकीच्या काळात पेड न्यूजची तक्रार कुठे करावी?

लोकसभा आणि विधानसभा निवडणुकीत प्रत्येक जिल्ह्यात माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समिती असते, आणि तिचे काम जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली चालते. अंकाचे कात्रण, दिनांक, आवृत्ती आणि संशयाचे कारण लिहून तिच्याकडे द्यावे. समितीला तथ्य वाटल्यास उमेदवाराला नोटीस जाते आणि त्याला ४८ तासांत उत्तर द्यावे लागते. उत्तर पटले नाही तर त्या जागेच्या सरकारी जाहिरात दराने खर्च काढून तो उमेदवाराच्या हिशेबात मिळवला जातो. म्हणून तक्रार लगेच करणे महत्त्वाचे आहे. निकालानंतर कात्रण शोधत बसल्याने फारसे काही साधत नाही.

महापालिका, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. त्या वेळी तक्रार त्या आयोगाच्या स्थानिक निवडणूक अधिकाऱ्याकडे करावी लागते.

८. निवडणूक नसेल तर? खोट्या बातमीबद्दल दाद कोणाकडे मागायची?

प्रथम संपादकाला लेखी कळवावे आणि त्याची प्रत जपून ठेवावी. समाधान झाले नाही तर दिल्लीच्या प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते: दैनिक आणि साप्ताहिकांबाबत प्रसिद्धीपासून दोन महिन्यांत, इतर नियतकालिकांबाबत चार महिन्यांत. मराठी मजकुराचे इंग्रजी भाषांतर आणि प्रकरण न्यायालयात प्रलंबित नसल्याचे निवेदन जोडावे लागते.

१९७८ च्या कायद्याप्रमाणे कौन्सिल वर्तमानपत्राला ताकीद देऊ शकते, समज देऊ शकते, ठपका ठेवू शकते. दंड करू शकत नाही. पुष्कळ वाचक यावर नाराज होतात आणि ती नाराजी रास्त आहे. तरीही शिक्षेचा अधिकार सरकारनियुक्त संस्थेकडे देण्याआधी प्रश्न १४ चे उत्तर वाचावे.

९. हेच वृत्तवाहिन्या आणि वेबसाइटना लागू होते का?

प्रेस कौन्सिलचे अधिकारक्षेत्र छापील माध्यमांपुरते आहे. वृत्तवाहिन्यांची एक संघटना आहे; तिच्या सदस्य वाहिन्यांविरुद्धच्या तक्रारी एनबीडीएसए ही त्यांचीच स्वनियामक संस्था ऐकते. जी वाहिनी सदस्य नाही तिच्यावर या संस्थेचा इलाज चालत नाही. वृत्त-वेबसाइटसाठी २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम आले, परंतु त्यांतील आचारसंहितेच्या दोन उपनियमांना मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगिती दिली. त्यामुळे वेबसाइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिणे हीच पहिली पायरी ठरते.

१०. आमच्या तालुक्याचा वार्ताहरच जाहिरात मागतो आणि नाही दिली तर बातमी घेत नाही. दोष त्याचा ना?

काही अंशी त्याचा, पण तेवढ्यावर थांबू नये. तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या अनेक वार्ताहरांना पगार नसतो. तुटपुंजे मानधन आणि आणलेल्या जाहिरातींवरचे कमिशन यांवर घर चालते, आणि वर्धापनदिन, दिवाळी, नेत्यांचे वाढदिवस अशा निमित्तांनी जाहिरातींचे लक्ष्य दिले जाते. साखर कारखान्याच्या अध्यक्षांच्या वाढदिवसाची पुरवणी काढायची म्हणून जो माणूस सकाळी त्यांच्या बंगल्यावर अर्ध्या पानाची जाहिरात मागायला जातो, त्यानेच संध्याकाळी त्या कारखान्याकडे थकलेल्या एफआरपीची (उसाच्या रास्त आणि किफायतशीर दराची) बातमी पाठवायची असते. शेतकरी त्याच्याकडे तक्रार घेऊन येतात तेव्हा तो टाळाटाळ करतो, ती नेहमीच लोभापोटी नसते.

ही रचना मुख्य कचेरीत ठरते. बातमी आणणारा आणि जाहिरात आणणारा माणूस वेगळा असावा, ही मागणी वाचकांनी संपादकांकडे सतत करत राहावी. आणि अशाही स्थितीत जो वार्ताहर एफआरपीची बातमी पाठवतो, त्याला तसे पत्र लिहून कळवावे. त्याला त्याचा मोठा आधार असतो.

११. बातमी चुकीची निघाली म्हणजे वर्तमानपत्र अप्रामाणिक ठरते का?

चूक आणि अप्रामाणिकपणा वेगळे आहेत, पण पडताळणी न करता छापणे हा त्यांच्या मधला प्रांत आहे आणि तिथे फार जपून पाऊल टाकावे लागते. मराठी पत्रकारितेतले याचे सर्वांत बोलके उदाहरण टिळक आणि आगरकर यांचे आहे. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे हे तरुण महाराजांचा छळ करतात, असे सूचित करणारी पत्रे हाती आली आणि ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी बर्वे यांच्यावर टीका केली. बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. पत्रे बनावट निघाली. १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले.

महाराजांविषयी लोकांना वाटणारी काळजी खोटी नव्हती; १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगरला त्यांचा दुर्दैवी अंत झाला. दोन्ही संपादकांच्या हेतूविषयीही कोणी शंका घेत नाही. तरी कागद बनावट होता तो होताच. आपल्या बाजूचा वाटणारा कागद अधिक कसोशीने तपासावा लागतो, कारण तो खरा असावा अशी आपली इच्छा असते.

चूक कळल्यावर वर्तमानपत्र काय करते यावरून त्याची पारख होते. पहिल्या पानावर ठळक छापलेल्या आरोपाची दुरुस्ती आतल्या पानाच्या कोपऱ्यात देणे पुरेसे नाही.

१२. अग्रलेखात उघडपणे एका पक्षाची बाजू घेणे अप्रामाणिकपणाचे नाही का?

नाही. अग्रलेख हे मत असते आणि ते मत आहे हे वाचकाला ठाऊक असते. मतभेदांमुळे टिळकांपासून दूर झालेल्या आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढले. दोन्ही पत्रांच्या वाचकांना कोण कुठे उभे आहे हे स्पष्ट दिसत होते. अप्रामाणिकपणा सुरू होतो तो मताला सोयीचे व्हावे म्हणून बातमीतली तथ्ये गाळली जातात तेव्हा.

१३. ‘सूत्रांनी सांगितले’ म्हणून नाव लपवणे किंवा पीडितेचे नाव न छापणे, हे वाचकाला अंधारात ठेवणे नव्हे का?

ही दोन वेगळी प्रकरणे आहेत. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हाच आहे (भारतीय न्याय संहिता, कलम ७२), आणि नाव न छापल्याने वाचकाच्या समजुतीत काही उणे पडत नाही.

सूत्रांबाबत उत्तर इतके सरळ नाही. नाव उघड झाल्यास ज्याची नोकरी किंवा जीव धोक्यात येईल त्याला संरक्षण द्यावेच लागते. प्रेस कौन्सिलच्या कायद्यातील कलम १५(२) नुसार कौन्सिल पत्रकाराला सूत्राचे नाव सांगायला भाग पाडू शकत नाही. न्यायालयात मात्र असे पूर्ण संरक्षण नाही. प्रत्यक्षात ‘सूत्रां’चा आडोसा पुष्कळदा अधिकारी आणि नेते स्वतःच्या सोयीची बातमी पेरण्यासाठी घेतात. नाव देता येत नसेल तर ते का देता येत नाही आणि त्या व्यक्तीला ही माहिती कशी असू शकते, एवढे तरी बातमीत सांगितले पाहिजे.

१४. इतके सगळे गैरप्रकार आहेत, तर खोटी बातमी कोणती हे सरकारनेच का ठरवू नये?

ज्याच्या कारभाराची बातमी आहे, त्यालाच ती खरी की खोटी हे ठरवण्याचा अधिकार दिला, तर अडचणीची प्रत्येक बातमी खोटी ठरण्याचा धोका असतो. आणीबाणीत छापण्यापूर्वी मजकूर सेन्सॉर होत होता आणि त्या काळात लोकांना काय कळले नाही, हे नंतर बाहेर आले.

हा वाद अलीकडेही मुंबईत लढला गेला. केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीचा ऑनलाइन मजकूर खोटा, बनावट किंवा दिशाभूल करणारा आहे हे ठरवण्यासाठी सरकारनेच सत्यशोधन कक्ष नेमावा, अशी दुरुस्ती एप्रिल २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत करण्यात आली. विनोदी कलाकार कुणाल कामरा आणि इतरांनी तिला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. जानेवारी २०२४ मध्ये न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांची मते विभागली. तिसरे न्यायमूर्ती अ. श. चांदुरकर यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये न्या. पटेल यांच्या बाजूने कौल दिल्याने दुरुस्ती रद्द झाली.

याचा अर्थ सरकारने चुकीच्या बातमीचे खंडन करू नये असा नाही. खंडन जरूर करावे, आकडे आणि कागद पुढे ठेवावेत. ते कागद पुढे आले नाहीत तर वाचकही मागू शकतो: माहिती अधिकार कायद्याखाली १० रुपये शुल्क भरून केलेल्या अर्जाला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते, आणि ते मिळाले नाही किंवा पटले नाही तर त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अपील करता येते.